'मला मुलं आवडतात' एवढ्यावर भागतं का?

"स्पेशल एज्युकेटर व्हायचंय, पण मला जमेल का?" हा प्रश्न हल्ली माझ्याकडे फार येतो. स्पेशल एज्युकेटर म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणारा शिक्षक. विचारणाऱ्या बहुतेक मुली, नुकत्याच पदवी झालेल्या. सोबत आलेल्या आईच्या मनात वेगळंच असतं: 'अशा' मुलांना शिकवण्यात कसलं आलंय करिअर?

अनघाचंही (नाव, तपशील बदललेत) तेच. इंदूरच्या रामबागेतलं घर, बाबा बँकेतून निवृत्त, हिचं मानसशास्त्रात बी.ए. मामेभाऊ पाचवीत, त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता. त्याचा अभ्यास घेऊन आली की ही रात्री रडायची.

"मॅडम, मी फार हळवी आहे. त्याची दया येते. हे काम माझ्याकडून व्हायचं नाही."

"तो वाचताना अडकला की तुझ्या मनात काय येतं?"

"याचं पुढे कसं होणार..."

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत, म्हणजे भावनेमागचा विचार तपासणाऱ्या समुपदेशनात, मुरलेली बाई. रडू थांबवत बसत नाही, त्यामागचा विचार हुडकते. अनघाला भावाचं वाचन रडवत नव्हतं. त्याच्या अख्ख्या आयुष्याचा निकाल तिनं पाचवीतच लावून टाकला होता, तो रडवत होता. हे तिला पटलं, पण पटून रडू थोडंच थांबतं!

मग तिला भावाची वही आणायला सांगितली. हिंदीचं श्रुतलेखन, पानभर लाल खुणा. म्हटलं, "चुका मोजू नकोस. त्या एकाच जातीच्या आहेत का, तेवढं बघ."

पेन्सिल घेऊन ती पानावर वाकली. मी गप्प बसले. गप्प बसणं हे या धंद्यातलं अवघड काम, आणि ते मला बऱ्यापैकी येतं. बऱ्याच वेळानं मान वर न करताच म्हणाली, "दुसरी वेलांटी चुकत नाही हो त्याची. नदी, पानी, सगळं बरोबर. घोळ पहिल्या वेलांटीचा आहे. 'फिर'चं 'फरि' केलंय. आणि हे बघा, 'दिन'चं 'दनि'." पेन्सिल थांबली. "बोलताना आधी 'द', मग 'इ'. लिहिताना मात्र वेलांटी आधी. तो ऐकू येतं त्या क्रमानं लिहितोय!"

"आता काय वाटतंय?"

"उद्या फक्त पहिली वेलांटी घेऊन बसते त्याच्याजवळ."

दयेचं काय झालं, हे मी विचारलंही नाही. या क्षेत्रात वर्षानुवर्षं टिकलेली माणसं मी पाहिली आहेत. माया सगळ्यांकडेच असते, पण चूक नेमकी कुठे जन्मते हे शोधायची खाज ज्याला आहे तो टिकतो. मुलाच्या वहीपुढे बसवलं की ती खाज आहे की नाही ते कळतं. कुठल्याही कलचाचणीपेक्षा माझा या वहीवर जास्त भरवसा.

आता अनघाच्या बाबांचा प्रश्न. "ताई, शाळा ठेवतात का असे शिक्षक?" २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत, त्यांत अध्ययन अक्षमताही आली. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. प्रत्यक्षात सगळीकडे तितकी पदं भरलेली नाहीत आणि खासगीत पगार शाळेगणिक बदलतो, हेही मी त्यांना सांगितलं. गोड बोलून कुणाला या वाटेला लावू नये.

कागदपत्रांत मात्र ढिलाई नको. नियमित विशेष बी.एड. दोन वर्षांचं, ते आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचं हवं, आणि नंतर परिषदेच्या नोंदवहीत आपलं नाव लागायला हवं. १९९२च्या कायद्यानं नोंदणीशिवाय हे काम करणं गुन्हा आहे. आपल्याकडे भोपाळच्या भोज विद्यापीठाचं नाव लगेच निघतं, पण विद्यापीठ कुठलंही असो, त्या वर्षीची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर बघूनच फी भरावी. तीन महिन्यांत 'थेरपिस्ट' करून देणाऱ्यांपासून लांब राहावं. विशेष बी.एड. झालं म्हणून बुद्ध्यांक चाचणी आपण घ्यायची नाही, ते काम मानसशास्त्रज्ञाचं. ज्यांना मुलाच्या बोलण्यात किंवा हाताच्या हालचालीत जास्त रस आहे, त्यांच्या वाटा स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या, आणि त्या बारावी सायन्सवरून फुटतात.

फॉर्म भरण्याआधी एखाद्या शाळेच्या रिसोर्स रूममध्ये, म्हणजे विशेष मुलांना वेगळं शिकवायच्या खोलीत, परवानगी काढून काही दिवस नुसतं बसून यावं. तोच शब्द, तेच मूल, पुन्हा पुन्हा. कंटाळा आला तर फी तरी वाचली. अनघा सध्या तिथेच जाते आणि बाई शिकवू देत नाहीत, नुसती फ्लॅशकार्डं कापायला लावतात म्हणून कुरकुरते.