पेशी मेल्या, पण कशाने?

मावशींची केमोथेरपी चालू आहे, कर्क्युमिनने प्लेटमधल्या कर्करोगाच्या पेशी मरतात असा शोधनिबंध तुमच्या हाती लागलाय, आणि ‘हळदीतलंच तर आहे, मग कॅप्सूल सोबत द्यायला काय हरकत’ असं तुम्ही विचारताय. हरकत आहे. ऑन्कॉलॉजिस्टना बाटली दाखवल्याशिवाय सुरू करू नका. नुसतं ‘नको’ म्हटलं की माणसं मान डोलावतात आणि गुपचूप देतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चौदा वर्षं मी पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काढली, त्यातली निम्मी वनस्पतींच्या अर्कांवर. तुमच्या हातातल्या निबंधासारखे निबंध ज्या टेबलावर तयार होतात, त्या टेबलाशी मी बसलेली आहे.

तिथे होतं काय, तर ९६ छोट्या खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते. तिला आम्ही ‘वेल’वाली प्लेट म्हणतो. प्रत्येक वेलच्या तळाला काही हजार पेशी चिकटलेल्या. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून थेट त्यांच्या अंगावर सोडायचं. दोन दिवसांनी एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. जांभळं जास्त तर जिवंत जास्त, फिकं तर मेलेल्या. यंत्र रंग मोजतं, आलेख निघतो, निबंध तयार. पेशी प्रत्यक्ष कुणी पाहिलेल्याच नसतात, असंही घडतं.

आमच्याकडे एकदा एका अर्काने पेशी मरायच्या सोडून वाढताहेत असा आकडा यायला लागला. मात्रा वाढवली की जांभळं आणखी गडद. दोन आठवडे आम्ही त्यावर सिद्धांत रचत होतो. मग एका संध्याकाळी मी प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली, तर पेशी गोल होऊन, तळ सोडून तरंगत होत्या. चक्क मेलेल्या. दुसऱ्या दिवशी पेशी न घालता, रिकाम्या वेलमध्ये नुसता अर्क आणि एमटीटी टाकलं. अर्ध्या तासात जांभळं! रंग पेशी करतच नव्हत्या, अर्क करत होता. हा रिकाम्या वेलचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची पडताळणी, पहिल्याच दिवशी लावायला हवा होता. चूक माझीच, आणि तेव्हापासून कुठलाही निबंध उघडला की मी आधी तो कंट्रोल शोधते.

कर्क्युमिन या बाबतीत बदनामच आहे. ते स्वतः गडद पिवळं, प्रकाशात चमकतं, धातूंचे अणू पकडतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, पेशीचं आवरण विस्कटवतं. त्यामुळे जी चाचणी लावाल तिच्यात काहीतरी ‘परिणाम’ दिसतोच. औषधरसायनशास्त्रात अशा फसव्या रेणूंना ‘पेन्स’ असं नाव आहे. ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त २०१७ साली कर्क्युमिनचा मोठा आढावा आला, त्यात हेच सगळं मांडलंय: निबंध हजारोंनी, पण प्लासिबोशी (औषध नसलेल्या खोट्या गोळीशी) तुलना करणाऱ्या डबल-ब्लाइंड चाचणीत, म्हणजे कुणाला काय दिलंय हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसतं अशा चाचणीत, ठाम यश एकही नाही.

बरं, समजा तुमच्या निबंधात कंट्रोल चोख आहेत आणि पेशी खरंच कर्क्युमिननेच मेल्या. मग त्यात मात्रेचा आकडा शोधा. अशा प्रयोगांत तो बहुधा १० ते ५० मायक्रोमोलर असतो (मायक्रोमोलर हे द्रावणातल्या तीव्रतेचं एकक). पेशींना काही व्हायचं तर रक्तातही तितकं पोचायला हवं. आता माणसाकडे या. २००६ साली २४ निरोगी स्वयंसेवकांना कर्क्युमिनची एकेक मात्रा देऊन रक्त तपासलं गेलं. ८ ग्रॅमपर्यंत घेतलेल्या कुणाच्याही रक्तात ते सापडलं नाही. १० आणि १२ ग्रॅमवाल्यांपैकी दोघांत अगदी किंचित सापडलं. आतडं आणि यकृत त्याला पकडून, त्यावर साखरेसारखा रेणू जोडून बाहेरची वाट दाखवतात. शिवाय शरीराच्या तापमानाला, रक्ताइतक्या पीएचच्या साध्या बफरमध्ये ठेवलं तरी अर्ध्या तासात त्यातलं बहुतेक विघटित होतं. म्हणजे प्लेटमध्ये पेशींना जी आंघोळ घडली, तिचे चार थेंबही गाठीपर्यंत पोचत नाहीत.

यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे मिऱ्यातलं पिपेरीन, आणि माझी खरी भीती इथे आहे. १९९८च्या एका अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनला २० मिलिग्रॅम पिपेरीनची जोड दिल्यावर रक्तात पोचण्याचं प्रमाण २०००% वाढलं. हा आकडा तुम्हाला बाटलीवर मोठ्या अक्षरात दिसेल. वाढलं कसं, हे मात्र बाटली सांगत नाही. पिपेरीन शरीराची निचरा करणारी यंत्रणा अडवतं. प्रयोगशाळेत ते सीवायपी-३ए-४ या एन्झाइमलाही अडवतं, आणि डोसिटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधाचा निचरा मुख्यतः त्याच एन्झाइमने होतो. निचरा मंदावला तर ठरवून दिलेला डोस प्रत्यक्षात जास्त पडेल. हा पुरावाही बराचसा प्लेटमधलाच आहे, हे कबूल. पण फायद्याचा पुरावा प्लेटमधला आणि धोक्याचाही प्लेटमधला असेल, तर केमोच्या मात्रेशी खेळायची माझी तयारी नाही.

आणि उलटंही होतं. ग्रीन टीमधलं ईजीसीजी हेही प्लेटमध्ये कर्करोगाच्या पेशी मारणारं, तितकंच लाडकं संयुग. २००९ साली दिसलं की ते बोर्टेझोमिब या कर्करोगाच्या औषधाच्या रेणूला थेट चिकटतं आणि ते निकामी करतं. पेशींवर दिसलं, उंदरांतही दिसलं. दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या आणि औषधच गेलं.

‘नैसर्गिक म्हणजे निदान अपाय तरी नाही’ हे बीटा-कॅरोटीनबद्दलही सगळ्यांना वाटत होतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८% जास्त. अमेरिकेत तशीच दुसरी चाचणी १९९६ साली मुदतीआधी थांबवावी लागली.

यावरून मी वनस्पतींच्या विरोधात आहे असं समजू नका, प्रयोगशाळेतली माझी निम्मी वर्षं त्यांच्यावरच गेलीत. मावशींच्या सलाइनमध्ये पॅक्लिटॅक्सेल असेल तर ते मुळात पॅसिफिक यू झाडाच्या सालीतलं आहे. साल गोळा झाली १९६२ साली. वॉल आणि वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी रेणूची रचना प्रसिद्ध केली १९७१ साली. ते पेशीतल्या सूक्ष्मनलिका घट्ट धरून ठेवतं आणि त्यामुळे पेशी दुभंगू शकत नाही, हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ साली दाखवलं. हेही पाण्यात विरघळत नव्हतं. त्यासाठी वापरलेल्या द्रावकाची रुग्णांना तीव्र ॲलर्जी येऊ लागली, म्हणून आधी स्टेरॉइड देणं, सलाइन सावकाश सोडणं हे सगळं बसवावं लागलं. अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली १९९२च्या डिसेंबरात. प्लेटपासून शिरेपर्यंत तीस वर्षं. विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन सदाफुलीतली, आणि त्यांचा शोध सुरू झाला तो मधुमेहावर काही मिळतं का हे पाहताना! त्या वर्षांत जे तावूनसुलाखून निघालं, तेच आज सलाइनमध्ये आहे. कर्क्युमिनही त्याच परीक्षेला बसलं होतं.

तुम्ही जाता जाता ‘प्रायोगिक उपचारां’बद्दलही विचारलंय. खऱ्या चाचणीला नोंदणी क्रमांक असतो, नीतीसमितीची मंजुरी असते आणि लेखी संमतिपत्र असतं. पहिल्या टप्प्याचा मुख्य हेतू सुरक्षित डोस शोधणं हा असतो, बरं करणं नव्हे, आणि प्रामाणिक डॉक्टर ते तोंडावर सांगतात. तपासल्या जाणाऱ्या औषधाचेच भरमसाट पैसे मागत असतील आणि कुठल्या टप्प्यावर आहे म्हटल्यावर विषय बदलत असतील, तर तिथून उठा.

पुढच्या भेटीला बाटलीच्या पुढच्या आणि मागच्या लेबलचा फोटो न्या. ‘हर्बल घेऊ का’ असं मोघम विचारू नका, घटक वाचून दाखवा, पिपेरीनचा उल्लेख मुद्दाम करा. कॅप्सूल आधीच सुरू केल्या असतील तर तेही सांगा. ओरडा बसेल कदाचित. पण हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि उद्या मावशींचे लिव्हरचे आकडे चढले, तर डॉक्टर आधी केमोवर संशय घेतील आणि तीच थांबवतील.