नव्या शिक्षकांसाठी न्यासाचे पैसे कशावर खर्च करावेत?

सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील जिल्हा परिषद शाळांत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी आपला कौटुंबिक न्यास दरवर्षी साधारण १० लाख रुपये देऊ इच्छितो. त्यातून नाशिक शहरात तीन दिवसांची निवासी कार्यशाळा घ्यावी आणि प्रत्येकाला शैक्षणिक साहित्याचा संच द्यावा, हा बेत योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की, हा पैसा एका जाणत्या शिक्षकाच्या पगारावर आणि प्रवासावर घालावा, आणि त्या शिक्षकाने किमान दोन वर्षे या नवख्यांच्या वर्गात जाऊन त्यांच्यासोबत काम करावे.

प्रशिक्षणांची आज वाण नाही. डाएटची (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची) प्रशिक्षणे असतात, केंद्रातील म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील शिक्षण परिषदा असतात, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवलीच आहे. अडचण वर्गात उभे राहिल्यावर सुरू होते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेला ६० विद्यार्थ्यांच्या पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात, म्हणजे पाड्यावरच्या चौथीपर्यंतच्या शाळेत एकेकाच्या वाट्याला दोन इयत्ता येतात, आणि दुसरा कागदपत्रांच्या कामासाठी तालुक्याला गेला की चारही. डी.एल.एड. या प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या सरावपाठात मात्र बहुधा एक इयत्ता आणि एक विषय घेऊनच शिकवायची सवय झालेली असते. त्यात पहिलीतले मूल घरी कोकणी, म्हणजे इथल्या कोकणा आदिवासींची बोली, बोलते. शिक्षक स्वतः आदिवासी असला, तरी त्याची बोली आणि मुलांची बोली एकच असेल असे नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि मुले त्यांच्यासोबत जातात. ती परतल्यावर त्यांना पुन्हा कुठून धरायचे, हा प्रश्न कोणत्याही सभागृहात बसून सुटण्यासारखा नाही. तो त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर, कोणीतरी शेजारी बसून सोडवावा लागतो.

हे काम शाळांच्या केंद्रावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांचेच नाही का, असे कोणी विचारील. कागदावर आहेच; पण त्यांच्याकडे माहिती गोळा करण्याची आणि तपासणीची इतकी कामे असतात की वर्गात तासभर बसणे क्वचितच जमते. त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक, म्हणजे ठरावीक मानधनावरचा शिक्षक, असतो. प्राथमिकचे मानधन जानेवारी २०२३ पासून ६,००० वरून १६,००० रुपये झाले असले, तरी नियमित वेतनश्रेणी त्या तीन वर्षांनंतरच्या मान्यतेवर अवलंबून असते. ज्या साहेबांच्या अभिप्रायाला त्यात वजन आहे, त्यांना ‘मला दोन इयत्ता एकत्र हाताळता येत नाहीत’ असे तो कसा सांगणार? म्हणून आपला मार्गदर्शक तपासणीच्या साखळीबाहेरचा हवा, आणि त्याची निरीक्षणवही गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणार नाही, न्यासाकडेही शिक्षकांची नावे वगळूनच येईल, ही अट करारात लेखी असावी. अधिकारपदावरून निवृत्त झालेल्यांपेक्षा बहुवर्ग शाळेत वर्षानुवर्षे शिकवलेला, नुकताच निवृत्त झालेला शिक्षक मी निवडेन. त्याने अधूनमधून खडू हातात घेऊन स्वतः पाठ घेतला पाहिजे आणि तो फसला तर नवख्यासमोर फसू दिला पाहिजे. हे ज्याला कमीपणाचे वाटते, तो माणूस या कामाचा नाही.

हिशेब असा बसतो. दरमहा ४०,००० रुपये मानधन आणि प्रवास-निवासाचे १०,००० धरले, तर वर्षाला ६ लाख होतात. एका व्यक्तीने दहा-बारा शिक्षकांपलीकडे जाऊ नये, म्हणजे महिन्यातून दोनदा प्रत्येकाच्या वर्गात पोहोचता येते; पावसाळ्यात घाटातले रस्ते पाहता त्याने राहायलाच सुरगाण्यात असावे. उरलेल्या ४ लाखांतून डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांची पाड्यावरच्या शाळेत आंतरवासिता करण्यासाठी राहण्याची सोय करता येईल, आणि शिक्षकांनी स्वतः मागितलेली गोष्टींची पुस्तके घेता येतील. संच वाटू नका. शाळांची कपाटे अशा संचांनी आधीच भरलेली आहेत.

पुढे नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधील एखाद्या कंपनीचा सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधी जोडायचा झाला, तर ‘पगारावर खर्च म्हणजे प्रशासकीय खर्च’ असा आक्षेप हमखास येतो. तो बरोबर नाही. नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या सर्वसाधारण सीएसआर प्रशासनाला आहे; प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च तिच्यात मोजला जात नाही. ‘चालू’ म्हणजे अनेक वर्षे चालणारा प्रकल्प म्हणून मंजुरी घेतल्यास सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षे काम चालवता येते. आपल्या न्यासाकडे १२ए आणि ८०जी या आयकराच्या नोंदण्या आणि सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आहे का, तेवढे आधी पाहून घ्या. आणि कृपया दर भेटीचे छायाचित्र मागू नका. शिक्षकांच्या भ्रमणध्वनीवर अशा मागण्यांची रांग आधीच लागलेली असते.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाची लेखी परवानगी आणि डाएटशी बोलणी यांना वेळ लागतो. जूनच्या मध्यात शाळा उघडताना मार्गदर्शक वर्गात हवा असेल, तर अर्ज जानेवारीतच द्यावा, कारण दिवाळीपर्यंतचे महिनेच मुले सलग हाती असण्याचे असतात.