स्कीइंग करताना पडल्यावर हेल्मेट बदलावे का? बाहेरून फक्त ओरखडा दिसत असेल तर?

बदलावे. तुम्ही लिहिले आहे की गुलमर्गच्या शिकाऊ उतारावर तुम्ही मागे पडलात, डोक्याची मागची बाजू टणक बर्फावर आपटली, हेल्मेटवर एका ओरखड्याखेरीज काही दिसत नाही आणि नऊ हजारांची वस्तू एकाच मोसमात टाकून देणे जिवावर येते. साडेसात हजारांच्या हेल्मेटबद्दल अगदी हेच मला तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या साडूंनी ऐकवले होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात एकवीस वर्षे कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले धातूचे भाग, तपासण्याचे काम करतो. आमच्या ट्रेकच्या गटाबरोबर फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेलो तेव्हा हेल्मेट मुद्दाम नवे घेतले, कारण भाड्याच्या हेल्मेटने किती आपट्या खाल्ल्या आहेत हे ते भाड्याने देणाऱ्यालाही ठाऊक नसते. चौथ्या दिवशी सकाळी, रात्री गोठलेला बर्फ अजून सैल झालेला नसताना, माझी उजवी स्की कडेवरून निसटली, दोन्ही पाय वर गेले आणि डोके मागून, जरासे उजव्या अंगाला, आपटले. आवाज मोठा झाला, दुखले मात्र काहीच नाही. प्रशिक्षकाने मला बाजूला बसवले, आजचा वार विचारला, रात्री काय जेवलो ते विचारले आणि त्या दिवशी पुन्हा उतारावर जाऊ दिले नाही. हेल्मेटच्या मागे बोटभर लांबीचा पांढरा ओरखडा होता, तुमच्यासारखाच.

त्या वर्षी दिवाळीला गडहिंग्लजला सासरी सगळे जमलो होतो. साडूंचा मुलगा जानेवारीत गुलमर्गला जाणार होता आणि माझे हेल्मेट घरी खुंटीला लटकलेले त्यांनी पाहिले होते, तेव्हा त्यांनी ते मागितले. मी म्हणालो, ते आपटलेले आहे, देता येणार नाही. त्यावर ते म्हणाले, "काय झालंय त्याला? नुसतं खरचटलंय की. पोराला आठवडाभरच घालायचंय." मी नव्या हेल्मेटची अर्धी किंमत देऊ केली. तो त्यांना अपमान वाटला आणि मी घरातले हेल्मेटसुद्धा सोडत नाही अशी गोष्ट पाहुण्यांत पसरली. ती मला आजही लागते, कारण त्या मुलाला मी लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवले आहे.

आमच्या धंद्यात मोठ्या कास्टिंगसाठी थर्मोकोलचे पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा करतात ते नमुने, वापरतात. पॅटर्न हाताळताना अंगठा जोरात दाबला गेला तर खळगा पडतो. तो किंचित वर येतो, पण पूर्ववत कधीच होत नाही, आणि तेवढी जागा कायमची मऊ राहते. हेल्मेटच्या आतला जाड थर बहुतेक वेळा याच जातीचा असतो. त्याच्या मण्यांत हवा कोंडलेली असते, आपटताना मणी चिरडतात, त्यात धक्क्याची ऊर्जा जिरते आणि डोके क्षणभर उशिरा, म्हणजेच कमी झटक्याने, थांबते. वरचे पॉलिकार्बोनेटचे कवच लवचिक असते. ते आत दबते, परत उसळते आणि साळसूद दिसते. म्हणून बाहेरून पाहून केलेल्या निदानाला मी काडीची किंमत देत नाही.

साडूंची खात्री पटावी म्हणून मी ते हेल्मेट कारखान्यात नेले. आम्ही ज्या लाल पेनिट्रंटने कास्टिंगमधल्या बारीक चिरा शोधतो ते येथे चालत नाही, कारण त्यातला द्रावक थर्मोकोल खातो. (याच कारणाने हेल्मेट थिनरने किंवा पेट्रोलने पुसू नये.) मी आतली मऊ गादी काढली, निळी शाई पाण्यात कालवून ब्रशने आत फिरवली, दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसली. सगळीकडची शाई निघाली, पण मागे उजवीकडे केसाएवढी एक निळी रेघ राहिली, साधारण दोन इंच लांब, ओरखड्याच्या बरोबर आतल्या बाजूला. त्यानंतर मी हॅकसॉ ब्लेडने हेल्मेटचा मागचा भाग आडवा कापला. उजवीकडची रेघ थराच्या अर्ध्याअधिक जाडीपर्यंत आत गेली होती आणि शाईही तिच्याबरोबर तेवढीच उतरली होती. व्हर्नियरने मोजले तेव्हा डावीकडे थर २२.८ मिलिमीटर भरला, तर उजवीकडे त्याच उंचीवर १९.२.

साडूंना दोन्ही तुकडे दाखवले. त्यांचे म्हणणे असे की चीर कापताना पडली. हे म्हणणे ते आजही सोडत नाहीत आणि लग्नकार्यात भेटलो की विषय काढतात, म्हणून येथे लिहून ठेवतो. शाई मी कापण्यापूर्वी लावली होती. जी चीर कापताना पडली, तिच्यात आधी पुसून टाकलेली शाई उतरेल कशी? आणि ब्लेडने चीर पडेल एकवेळ, पण कापापासून चार बोटे दूरवरही जो थर दबलेला होता, तो ब्लेडने कसा दबेल?

साडेतीन मिलिमीटर म्हणजे फार नव्हे असे कोणाला वाटेल, म्हणून हिशेब देतो. बर्फावरच्या हेल्मेटसाठी युरोपात ईएन १०७७ हे मानक आहे. त्यात नकली डोक्यावर चढवलेले हेल्मेट सुमारे दीड मीटरवरून, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या वेगाने, पोलादी ऐरणीवर आपटतात आणि डोक्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींहून जास्त चालत नाही. डोक्याचा वेग अगदी एकसारखा कमी होत गेला असे धरले तरी त्यासाठी किमान ६ मिलिमीटर दबण्याची जागा लागते. प्रत्यक्षात थांबणे एकसारखे नसते, म्हणून याहून बरीच जास्त लागते. माझ्या हेल्मेटने त्या जागी ३.६ मिलिमीटर आधीच खर्च केले होते. शिवाय चिरडलेला थर थोडा परत फुगत असल्यामुळे खरा खर्च व्हर्नियर दाखवतो त्याहून अधिक असतो आणि फुगलेला भाग पहिल्याइतका टणक राहत नाही.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या सांगतो. काही हेल्मेटांत वेगळा, दबून परत वर येणारा फेस असतो, त्याला ईपीपी म्हणतात. तुमच्या हेल्मेटच्या माहितीपत्रकात ते अनेक आपट्यांसाठी आहे असे स्पष्ट लिहिले असेल तर माझे उत्तर त्याला तसेच्या तसे लागू होत नाही, कंपनीला विचारा. रिकामे हेल्मेट टेबलावरून फरशीवर पडले, तर आत डोक्याचे वजन नसल्यामुळे थर सहसा असा चिरडत नाही. तेवढ्यासाठी मी नवे घेणार नाही. काही कंपन्या आपटलेले हेल्मेट दाखवल्यास नव्यावर सवलत देतात, म्हणून बिल जपून ठेवा आणि माझ्यासारखे आधी कापून बसू नका.

हेल्मेटच्या आधी डोके. नताशा रिचर्डसन ही अभिनेत्री मार्च २००९ मध्ये कॅनडात शिकाऊ उतारावर हेल्मेटशिवाय पडली, सुरुवातीला तिला बरे वाटत होते, बोलावलेली रुग्णवाहिकाही परत पाठवली गेली आणि दोन दिवसांत कवटीच्या आतल्या रक्तस्रावाने ती गेली. माझ्या प्रशिक्षकाने मला बसवून ठेवले ते याचसाठी. डोकेदुखी वाढत असेल, उलटी झाली असेल, झोपाळल्यासारखे किंवा गोंधळल्यासारखे वाटत असेल, तर हे उत्तर वाचत बसू नका, इस्पितळात जा.

आमचा भाचा शेवटी भाड्याचे हेल्मेट घालून गेला आणि धडधाकट परत आला. साडू हाही आपल्या बाजूचा पुरावा मानतात. तो डोक्यावर पडलाच नाही, एवढेच त्यातून कळते. यंदा जानेवारीत तो पुन्हा जाणार आहे, आणि अर्धी किंमत द्यायची माझी तयारी आजही आहे.