‘काओना’ला श्लेष म्हणावं का?

प्रश्न असा आहे: हवाई बेटांवरच्या जुन्या प्रेमगीतांविषयी वाचताना ‘काओना’ हा शब्द सारखा भेटतो. त्याला मराठीत ‘श्लेष’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. श्लेषात एका शब्दाचे दोन अर्थ असतात आणि कोश हाताशी असला की दोन्ही सापडतात. काओना म्हणजे गीतात दडवलेला अर्थ, आणि तो पुष्कळदा कवी आणि ज्याच्यासाठी गीत रचलं तो माणूस, यांच्यातच असतो. बाकीच्यांना ऐकू येतो तो पाऊस, दरी, फूल. ‘व्यंजना’ बरीच जवळची, पण तीही सहृदय रसिकाला उलगडते. काओनाला नुसतं सहृदय असून भागत नाही, आतली माहितीही लागते.

ही माहिती बहुतेक वेळा ठिकाणांची असते. हवाईत जागोजागच्या पावसाला स्वतःचं नाव आहे. मानोआ दरीतला तो तुआहिने. हिलोचा कनिलेहुआ, म्हणजे लेहुआच्या फुलांवर वाजणारा. गीतात कनिलेहुआ आला की गाव कळलं, आणि ऐकणारा जाणता असेल तर माणूसही कळला! प्रिय व्यक्तीचं नाव घ्यायची गरजच उरत नाही; ती ‘पुआ’ म्हणजे फूल होऊन येते, नाहीतर ‘लेइ’, गळ्यातला हार. गारठा, धुकं, दव आलं की विरह किंवा शृंगार यांपैकी काहीतरी आहे असं धरून चालावं. बऱ्याचदा दोन्ही.

‘अलोहा ओए’ बहुतेकांनी ऐकलं असेल. लिलिउओकलानी यांनी ते 1878 च्या सुमारास, राणी होण्याच्या आधी रचलं. ओआहू बेटावरच्या माउनाविली इथे पाहिलेला एक निरोप त्यामागे होता असं सांगतात. पण पहिल्या कडव्यात निरोप घेणारं कुणी दिसतच नाही. आहे तो पाऊस: कड्यांवरून दिमाखात निघालेला, रानातून सरकणारा, डोंगरावरच्या आहिही लेहुआच्या कोवळ्या कोंबामागे जाणारा. या सरकण्याला मूळ शब्द आहे ‘निही’, चाहूल लागू न देता जपून जाणं. संस्कृत काव्यातली अभिसारिका अशीच चालते. इथे अभिसाराला पाऊस निघालाय, आणि तो कोंब कोण हे वेगळं सांगायला नको.

मात्र दर थेंबात प्रियकर शोधू नये. 1957 च्या हवाईयन–इंग्रजी कोशाच्या एक कर्त्या मेरी कवेना पुकुई यांनी वाच्यार्थाला गीताचं शरीर आणि काओनाला त्याचा आत्मा म्हटलं. पण काही गीतांना वाच्यार्थापलीकडे काहीच नसतं हेही बजावलं. शब्दांच्या शुभाशुभ सामर्थ्यावर लोकांचा विश्वास होता, त्यामुळे भलता अर्थ निघेल असा शब्द कवी टाळत. म्हणजे दडलेला अर्थ नेहमी गोडच असतो असंही नाही.

तेव्हा मराठीत लिहिताना ‘गूढार्थ’ म्हणा, हवं तर ‘आतला अर्थ’. मी तर ‘काओना’च ठेवीन. आणि अनुवाद करणार असाल तर कृपा करून तुआहिनेची ‘रिमझिम’ करू नका. पावसाचं नाव गेलं की पत्ताच गेला.