मोर्चा म्हणजे काय गं आई?

प्रश्न : दसरा चौकात मोर्चा आला आणि आमची रिक्षा अर्धा तास अडकली. तेव्हापासून पाच वर्षांची मुलगी विचारतेय, "ती माणसं चिडली होती? पोलीस त्यांना पकडणार?" काय सांगू? – एक आई, राजारामपुरी

उत्तर : तिला काय दिसलं ते आधी विचारा. या वयात मागण्या कळत नाहीत. आवाज, गर्दी आणि पोलिसांची काठी तेवढी लक्षात राहते. घाबरली असेल तर लोकशाही नंतर.

मग दोन वाक्यं पुरेत : "त्यांना काहीतरी हवंय. एकेकट्यानं सांगून कुणी ऐकलं नाही, म्हणून सगळे मिळून सांगतायत." पोलीस कुणालाच पकडत नाहीत असं मात्र छातीठोकपणे सांगू नका. कधी पकडतात. उद्या टीव्हीवर दिसलं की तुमचं बाकीचंही खोटं ठरेल.

घरी खेळून दाखवा. बागेतला झोका मोडलाय असं समजा. आधी निवेदन : मोडक्या झोक्याचं चित्र, खाली तिचं नाव, आणि ते महापालिकेचे साहेब झालेल्या बाबांच्या हातात द्यायचं. बाबांनी पहिल्यांदा "बघू" म्हणायचं. मग भाऊ, आजी, शेजारची मुलं अशा सगळ्यांची नावं गोळा करायची. तरी उत्तर नाही, तर खोक्याच्या पुठ्ठ्याचा फलक आणि घोषणा. घोषणांत मजा असते म्हणून बरेच पालक थेट तिथूनच सुरू करतात. मग मूल एवढंच शिकतं की ओरडलं की मिळतं.

दोन दिवसांत "मोबाईल पाहिजेच!" असा मोर्चा स्वयंपाकघरावर येणार, हे धरून चाला. हसू नका, रील तर मुळीच काढू नका. निवेदन घ्या, कारण सांगून उत्तर द्या. "नाही" हेही उत्तरच. पण आवाज वाढला म्हणून "हो" म्हणालात, तर वरचं सगळं पाण्यात.

सात-आठ वर्षांच्या मुलांना खरी उदाहरणं द्या. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं प्यायली, कारण ते पिण्याची त्यांना मनाई होती. "नुसतं पाणी?" असं मुलं हमखास विचारतात; तिथे थांबा, त्यांना बोलू द्या. शहरातला टोल बंद व्हायला कोल्हापूरकरांना काही वर्षं लागली, हेही सांगा. नाहीतर मोर्चा काढला की संध्याकाळी काम होतं, असं त्यांना वाटतं.

आणि दगडफेकीच्या बातम्या लागल्या की टीव्ही बंद. तेच दृश्य दहादा दाखवतात. लहान मुलाला ते दहा वेळा नव्यानं घडलेलं वाटतं.