शुगर आहे, पण दवाखान्यात बीपी नॉर्मल येतं. तरी डॉक्टर २४ तास बीपी मोजणारं मशीन का लावायला सांगतात?

कारण खरी गोम रात्री कळते. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतो. मधुमेह जुना झाला की हृदय आणि रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या नसा (मज्जातंतू) बिघडू शकतात, मग बीपी रात्रीही चढाच राहतो. सकाळी ११ वाजता मोजलेला आकडा हे कसं सांगणार? अशांना हृदयविकाराचा आणि किडनीचा धोका जास्त. घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगा. रात्री बीपी न उतरण्याचं तेही एक कारण असतं. दंडावरचा पट्टा रात्री फुगून झोपमोड करतो खरा, पण एकच रात्र! आणि बीपी रात्री चढा राहतो म्हणून बीपीच्या गोळीची वेळ मनानेच बदलू नका. ब्रिटनमधल्या २०२२ च्या मोठ्या चाचणीत गोळी सकाळी घ्या की संध्याकाळी, हार्ट अटॅकच्या प्रमाणात विशेष फरक दिसला नाही.