आधी वर येण्याचं बघ

प्रिय मित्रा,

तू घरी बांधतोयस त्या पाणबुडीचं ड्रॉइंग आणि सामानाची यादी बारकाईने वाचली. बॅटऱ्या लिथियमच्या घेऊ की लेड-ॲसिडच्या, यातच तू अडकलायस. तो प्रश्न सोपा आहे. छोट्या होड्यांना लावतात त्या 24 व्होल्टच्या दोन इलेक्ट्रिक मोटरी घे. पूर्ण वेगात प्रत्येकी पन्नासेक अँपिअर ओढतात, पण वेग निम्मा केलास की शक्ती आठव्या हिश्शावर येते. गोल्फ कार्टच्या लेड-ॲसिड, 6 व्होल्ट, 225 अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की भागतं. मोटरीत तेल भर, नाहीतर खोलीवर सील पाणी सोडतं. बॅटऱ्या माणसाशेजारी नकोत: चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, 4 टक्क्यांना स्फोटक होतो, खारं पाणी शिरलं तर क्लोरीन. बाहेर वेगळ्या नळ्यांत ठेव.

आता मला सांग, वर येणार कसा? बुडण्यासाठी पाणी भरतोस ती 'टाकी पंपाने रिकामी करायची' एवढंच लिहिलंयस. आणि वीज गेली तर? अरे, वर येण्याला वीज लागताच कामा नये! कार्ल स्टॅन्ली या अमेरिकन माणसाने 1990 च्या दशकात स्वतः बांधलेल्या सी-बग या छोट्या पाणबुडीला मोटरच नव्हती. तरंगण्याचं बळ कमी-जास्त करून ती पाण्यात घसरत जायची आणि वर यायची. मोटर चैन आहे, वर येणं नाही.

टाकी खालून उघडी ठेव आणि सिलिंडरच्या हवेने पाणी बाहेर ढकल. 30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे 200 लिटरच्या टाकीला 800 लिटर हवा. 10 लिटरच्या, 200 बारच्या सिलिंडरमध्ये जेमतेम दोन संधी. म्हणून पोटाखाली सुटं लोखंडी वजन हवंच, आतून हाताने सोडता येणारं. किती? बॅटरीच्या एका नळीत पाणी भरलं आणि टाकीही रिकामी झाली नाही, तरी नौका वर आली पाहिजे इतकं. नौका 30 अंश कलती ठेवून ते सुटतं का बघ. सरळ उभ्या नौकेत सगळंच सुटतं.

हवेचंही तेच. शांत बसलेला माणूस तासाला साधारण 20 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आत दीड हजार लिटर हवा असेल तर पाऊण तासात 1 टक्का. ऑक्सिजन संपण्याआधी हाच वायू घात करतो. हा वायू शोषणाऱ्या सोडा लाइमच्या डब्याला पंखा लावलायस, ठीक; पण पंखा थांबला तर तोंडाने हवा ओढायची नळीही लाव.

शेलचं, म्हणजे माणूस बसतो त्या पोलादी नळीचं, गणित मात्र चुकलंय. 1 मीटर व्यास, 6 मिलिमीटर पत्रा. तू फक्त पोलादाची ताकद धरलीस, म्हणून उत्तर 300 मीटर आलं. बाहेरचा दाब शेलला त्याआधीच चेपतो: रिंगा नसलेली लांब नळी 10 मीटर खोलीच्या आतच चेपून बसते! आतून दर 30 सेंटीमीटरला भक्कम रिंग वेल्ड कर आणि सगळीकडे व्यास मोज. कमाल-किमान फरक 1 सेंटीमीटरच्या आत ठेव. तरीही कामाची खोली 30 मीटरच धर. पहिली बुडी माणसाविना, त्याच्या वजनाची रेतीची पोती ठेवून, क्रेनच्या दोराने 40 मीटर, तासभर.

धरणात समतोल साधलास तर ध्यानात ठेव, मालवणच्या समुद्राचं खारं पाणी जड, तिथे दीड टनाच्या नौकेला 37-38 किलो शिसं जास्त लागेल. ते सोडायच्या वजनातच घाल.

वजन सोडण्याच्या दांड्याचं ड्रॉइंग पूर्ण मापात काढून पाठव, पाणी अडवणाऱ्या दोन्ही रबरी ओ-रिंगांच्या खाचांसकट.